साडेचारचा गजर कुणाचा?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मिरजेचा. बँकेत आहे. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. गळा उपजतच गोड. माझी आई पहाटे कामं करता करता भूपाळ्या, अभंग म्हणायची, ते ऐकून हा चार-पाच वर्षांचा असताना जसंच्या तसं म्हणायचा. (थोरलीनंही तेच ऐकलं, पण तिला गाण्यात काही गती नाही.) सातव्या वर्षी गुरुजींकडे घातला. शाळा, तालुका, जिल्हा, जाईल तिथं बक्षीस. गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षांतली प्रवेशिका पूर्ण झाली, आता मध्यमा प्रथमचा फॉर्म भरायचाय.

गेले सहा-सात महिने मात्र सगळं बिनसलंय. आवाज मध्येच फाटतो, वर चढत नाही. मी रोज साडेचारला उठवून खर्ज (खालचे स्वर) लावायला बसवतो. पेंगत बसतो, बोललं की डोळ्यांत पाणी. वर म्हणतो, 'आतून येतं तेच गाणं, घोटून घोटून काय येणार?' आणि रात्री अकरा वाजता तोच पेटी पुढ्यात घेऊन मोबाइलवर काहीबाही ऐकत वाजवत बसतो, तेव्हा झोप येत नाही!

मी स्वतः वीस वर्षं साडेचारला उठतोय, मला गजरही लागत नाही. (साखर वाढलीय, डॉक्टर चहा सोडा म्हणतात, तेवढं काही जमत नाही.) शिस्तीशिवाय काही मिळत नाही हे मी पोराला सांगत असतो. भीमसेनजींनी काय कष्ट उपसले तेही सांगतो. सौ. म्हणते, सोडा त्याला, ज्याचं त्याला कळेल. गुरुजी म्हणतात, गळ्याचं राहू द्या, तालाकडे लक्ष द्या. गळ्याची उपजत देणगी वाया जाईल अशी धास्ती वाटते. परीक्षेला बसवू का? मोबाइल काढून घेऊ का?

— एक बाप

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र शिस्तीबद्दल आहे, पण त्यातलं निम्मं दुखणं गळ्याचं आहे. ते आधी उरकते.

पोराला कंठ फुटतोय, दुसरं काही नाही. मुलग्यांचं स्वरयंत्र साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षात झपाट्यानं वाढतं. घाटी पुढे येते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एका सप्तकानं खाली उतरतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण इतका थोडा की घरात कुणाला पत्ता लागत नाही. मुलग्याचं तसं नसतं. काल काळी पाचात, म्हणजे उंच पट्टीत, बिनधास्त गाणारा पोरगा आज त्याच पट्टीत साधा मध्य पंचम लावताना फाटतो. गळ्याच्या स्नायूंना जुनं माप पाठ असतं आणि तंतू नव्या मापाचे झालेले असतात, त्यामुळे मनात स्वर अचूक असतो आणि बाहेर भलतंच येतं. हे काही महिने चालतं, कुणाकुणाचं वर्षभर किंवा त्याहून जास्त. यात आळस नाही, दृष्ट लागलेली नाही, आणि रियाज कमी पडला असं तर मुळीच नाही. उलट ज्याचा कान तयार आहे त्याला याचा त्रास जास्त होतो, कारण आपला स्वर कुठे चुकतोय हे त्याला आपल्या आधी कळतं. डोळ्यांत पाणी येतं ते बऱ्याचदा त्यामुळे.

अशा गळ्यावर वरच्या सप्तकात जोर लावला की सूज येते, आणि महिनोन्‌महिने रेटलं तर स्वरतंतूंवर गाठीही येऊ शकतात. खर्जाबद्दल तुमचा हिशोब सरळ दिसतो: आवाज खाली चाललाय, मग खर्ज लावायला हीच वेळ. पण आज जो खालचा स्वर त्याला मिळतोय तो अजून कच्चा आहे. दाबून, घसा आवळून तो काढायची सवय लागली तर पुढे ती मोडायला फार वेळ जातो. घसा सलग तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल किंवा दुखत असेल तर मात्र वाट बघू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मिरजेत राहणाऱ्याला डॉक्टर कुठे शोधू हे मी सांगायला नको.

आता तो साडेचारचा गजर.

चौदा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. त्यातून या वयात अंगातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे दहाला दिवा घालवून निजवलं तरी पोरगं टक्क जागं असतं. म्हणजे शाळा, क्लास, गृहपाठ उरकून अकरा-साडेअकराला आडवा झालेला मुलगा साडेचारला उठला तर त्याची झोप झाली पाच तास. दुपारी गणिताच्या तासाला त्याचं काय होत असेल ते त्याच्या बाईंना विचारा. शिवाय झोपेतून उठल्या उठल्या गळा जड असतो. मुरलेले गवईसुद्धा उठून तडक तंबोऱ्याला हात घालत नाहीत.

पहाटेचा रियाज ही काही खुळी रूढी नव्हे, हेही सांगते. शांतता असायची, कुणाची ये-जा नसायची, गुरूला वेळ असायचा. पण ज्या घरांत तो रुजला त्या घरांत दिवेलागणीनंतर जेवणं होऊन आठ-साडेआठला निजानीज व्हायची. आपण त्यातली पहाट तेवढी उचलली आणि रात्र सोडून दिली.

यापुढचं जरा तुमच्याबद्दल आहे. रागावू नका.

वीस वर्षं तुम्ही साडेचारला उठता, गजर लागत नाही, असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. गजरच लागत नसेल तर त्यात शिस्त ती कसली? तुमचा पिंडच तसा आहे. काही माणसं पहाटे टवटवीत असतात, काही रात्री. तुम्ही पहिल्या जातीचे निघालात आणि सुदैवानं बँकेच्या नोकरीला, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कौतुकाला ते सोयीचं पडलं. तुमची शिस्त बघायची तर ती त्या कंसातल्या चहापाशी बघावी लागेल. तिथं तुमच्या स्वभावाविरुद्ध काही करायचंय, आणि तिथं तुम्हीही पोरासारखेच पेंगताय. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. आपल्याला जे सहज जमतं त्याला आपण शिस्त म्हणतो, आणि दुसऱ्याला ते जमलं नाही की त्याला आळशी म्हणतो. घरोघरी हेच चालतं. आईला भांडी लगेच घासल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सून गबाळी. बापाला पैसे मोजूनमापून खर्च करायची खोड, म्हणून मुलगा उधळ्या.

तुमच्या पत्रात शिस्तीची एक गोष्ट आहे, आणि ती तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. पोरगा रात्री अकराला पेटी घेऊन बसतो. कुणी सांगितलेलं नाही, परीक्षेत त्याला मार्क नाहीत, ऐकायला कुणी नाही. कानावर पडलेली एखादी जागा बोटांत येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा मागे जाऊन ऐकत असणार, चुकत असणार, परत धरत असणार. गळा साथ देत नाही म्हणून पोरानं स्वतःच हाताकडे मोर्चा वळवलाय. इतकी शहाणी वाट मोठ्या माणसालाही चटकन सुचत नाही. हा रियाजच आहे. फक्त तो तुमच्या वेळेला होत नाही.

तुम्ही मिरजेचे. सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्हीही पेढे खाल्ले असतील. एकदा पोराला घेऊन सतारमेकरांच्या गल्लीत जा आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे कारागीर कसे निवडतात ते बघा. आधी घेर बघतात. मोठ्या घेराचा मर्दानी तंबोऱ्याला, लहान जनानीला. भोपळा जसा वाढला तसा वाढला, त्याच्याशी भांडण नाही. पण म्हणून तो आपोआप वाजत नाही. पुढे घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढायला बसतात तेव्हा तोच माणूस कानसनं केसभर घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो, तारेखाली दोरा सरकवून बघतो, आणि तंबोरा बोलेपर्यंत उठत नाही. तुम्ही सध्या भोपळ्याच्या घेराशी झटापट करताय आणि जवारी तशीच राहिलीय.

ती जवारी कुठली, ते गुरुजींनी तुम्हाला सांगितलेलं आहे: ताल. तुमच्या कानावरून ते गेलं, कारण तुमचं सगळं लक्ष आवाजाकडे. हा भाग मी थेट पोरालाच लिहिते. त्याला वाचायला द्या, आणि वाचताना शेजारी उभे राहू नका.

*

अरे, आधी एक कबूल करते. तुझ्या बाबांना वाटतं तेवढा तू आळशी नाहीस. पण तुला वाटतं तेवढं तुझं गाणं आतून आलेलंही नाही.

आजी पहाटे भूपाळी म्हणायची आणि तू गोधडीत पडून ऐकायचास. रोज. वर्षानुवर्षं. कुणी त्याला शिकवणी म्हटलं नाही, वही नव्हती, म्हणून तुला वाटतं की ते आपोआप आलं. तुझ्या ताईनंही तेच ऐकलं आणि तिला ते लागलं नाही, म्हणजे तुझ्यात काहीतरी उपजत आहे हे खरंच. पण त्या उपजत कानाला आजीनं रोज खाऊ घातलंय. तो रियाज आजीनं तुझ्यासाठी केला. आता आजीच्या जागी तुला बसायचंय.

देणगी असलेल्या पोरांची एक गोची असते, मी ती अनेक शिष्यांत पाहिली. जे पटकन येतं ते ती चवीनं करतात आणि जे येत नाही त्याला वळसा घालतात. कान इतका तेज असतो की कुठल्याही प्रश्नाचं उत्तर नकलेनं देता येतं. तुझी परीक्षा तूच घेऊन बघ. भूप रागातली ही साधी ओळ घे: ग रे, सा ध़ सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. आकारात, नुसत्या 'आ'नं म्हण. येईलच. आता सरगम म्हणून म्हण. आता मधूनच, पंचमापासून सुरू कर. आता हातावर झपताल धर, पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला टाळी, सहाव्याला खाली, आणि हीच ओळ दहा मात्रांत अशी बसव की सम, म्हणजे पहिली मात्रा, बरोबर हातात येईल. कुठे अडखळलास तिथं बोट ठेव. ती तुझी रियाजाची जागा. त्याच्या आधीचं सगळं तुला येतंय, ते शंभर वेळा घोटून काही मिळणार नाही, एवढं तुझं म्हणणं मला मान्य आहे.

माझा अंदाज, तू तालात अडखळशील. मध्यमाला आता विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल सुरू होईल. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी मिनिटभर चालतं. बारा मात्रा, प्रत्येकीच्या पोटात आणखी चार, आणि तेवढा वेळ आपण कुठे आहोत हे भान सुटू न देता गात राहायचं. गोड गळ्याची पोरं नेमकी इथं घाईला येतात. समेवर दोन मात्रा आधीच पोचतात आणि मग तिथं ताटकळत उभी राहतात, किंवा गळ्याची एखादी हरकत टाकून वेळ मारून नेतात. श्रोते टाळ्या वाजवतात. तबलजी हसतो. लय कुणाकुणाच्या अंगातच असते, हे खरं. पण ज्यांच्या नसते त्यांनी ती मोजून मोजूनच अंगात आणलेली असते, आणि पंधरा-वीस वर्षांनी कुणाची कुठली हे ओळखता येत नाही.

कुमार गंधर्वांचं सांगते, कारण नकलेच्या बाबतीत त्यांच्यापुढे जाईल असं पोर झालं नसेल. बेळगावजवळच्या सुळेभावीचा जन्म, १९२४ चा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गायचे, मैफली गाजवायचे. तिथंच थांबून आयुष्यभर वाहवा मिळवता आली असती. त्या वयात त्यांना मुंबईला गुरू बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवलं. ज्याला सगळं आधीच गाता येतं त्याला तिथं आपण काय गातोय हे समजून घेत बसावं लागलं. पुढे ऐन पंचविशीच्या आत क्षयानं गाठलं. देवासला येऊन पडले, गाण्याला मनाई. काही वर्षं आवाजाविना गेली. त्या काळात कानावर माळव्यातली लोकगीतं पडत होती, आणि ते ऐकत होते. १९५३ च्या सुमारास पुन्हा गायला बसले तेव्हा लांब दमसासाचं गाणं शरीराला परवडणारं नव्हतं. मग छोटे तुकडे, झटकन येऊन पडणारी तान, मध्ये भरलेला मोकळा अवकाश. आज ज्याला आपण कुमारांचं गाणं म्हणून ओळखतो त्यातलं कितीतरी त्या अपुऱ्या श्वासाशी जमवून घेताना आलेलं आहे.

तुझा आवाज सध्या रजेवर आहे. तुला काही वर्षांची शिक्षा झालेली नाही, बहुधा वर्षभराचाच प्रश्न आहे. तेवढ्यात कान, हात आणि ताल एवढं सांभाळलंस तर आवाज परतेल तेव्हा त्याला जायला घर असेल.

आणि रात्री पेटीवर जे शोधतोस ते वहीत स्वरलिपीत लिहून ठेवत जा. लिहिताना कंटाळा येईल. तो येऊ दे.

*

आता परत तुमच्याकडे.

भीमसेनजींचं उदाहरण पोराला जरा जपून देत चला. ते अकराव्या वर्षी घरातून पळून गेले होते. गाणं शिकायचं म्हणून विनातिकीट गाड्यांतून हिंडले, ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर करत फिरले, आणि मग घरी आल्यावर कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांकडे राहिले. तिथं पाणी भरलं, पडेल ते काम केलं, पहाटेचा खर्जही लावला, हे सगळं खरं. पण ते कष्ट त्यांच्यावर कुणी लादले नव्हते, त्यांच्यासाठी ते घर सोडून निघाले होते. तुमचं आमचं घर त्यात बसत नाही. गोष्ट सांगायचीच तर पुरी सांगा, अर्धी सांगितली की पोरं उरलेली अर्धी मोबाइलवर शोधून काढतात.

'देणगी वाया जाईल का' या तुमच्या धास्तीवर एवढंच म्हणते की आवाज बदलला म्हणून गाणं संपलं असं आपल्याकडे झालेलं नाही. गंगूबाई हनगलांचा तरुणपणचा आवाज बारीक, टोकदार होता. घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि तो जाड, पुरुषी झाला. जुन्या आवाजामागे त्या धावल्या नाहीत. हुबळीहून गाडीनं कुंदगोळला जाऊन शिकत राहिल्या, आणि तो भरदार आवाज हीच त्यांची ओळख झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचा तर तरुणपणी अतिगाण्यानं आवाजच गेला असं सांगतात. परतला तेव्हा पूर्वीचा गोडवा नव्हता. मग त्यांनी त्या गळ्याला पेलेल अशी पेचदार, लयीशी गुंतलेली गायकी उभी केली, आणि तिचंच जयपूर घराणं झालं. त्यातली एक गोष्ट तुमच्या कानावर घालते: आवाज कशानं गेला? अतिगाण्यानं. साडेचारला दाबून लावलेला खर्ज म्हणूनच मला नको आहे.

आता काय करायचं ते.

साडेचार बंद. पोरगा साडेसहाला उठू दे. गाण्याला संध्याकाळी, शाळेतून येऊन खाऊन झालं की वीस मिनिटं, जमलं तर रात्री जेवणाआधी आणखी दहा. तंबोरा, नाहीतर मोबाइलवरचा तंबोरा, आणि षड्ज त्याचा त्यानं शोधायचा. तुम्ही किंवा गुरुजींनी पट्टी ठरवून द्यायची नाही. आज पांढरी एक बरी वाटेल, महिन्याभरानं काळी एक, मध्येच परत खाली. तोंड मिटून गुणगुणत सुरुवात करायची, मग आकार, मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवतापर्यंत आरामात जातंय तोवर जायचं, खरखर आली की परत फिरायचं. वरच्या, तार षड्जाकडे बघायचंही नाही. आवाज फाटला तर हसायचं आणि पुढं जायचं, घरातल्यांनी मात्र हसायचं नाही. वहीत तारीख, त्या दिवशीची पट्टी आणि खालचा सोयीचा स्वर लिहून ठेवायचा. दोन-तीन महिन्यांनी ती वही चाळली की आवाज कुठे स्थिरावतोय ते दिसायला लागेल, आणि तुमच्याही जिवाला जरा आराम पडेल.

उरलेला वेळ तालाला. आठवड्यातून दोनदा तबल्याच्या क्लासला घाला. त्याला तबलजी करायचं नाहीये, पण तीनताल, एकताल, झपताल स्वतःच्या बोटांनी वाजवलेला गवई समेची वाट बघताना घाबरत नाही. इथं तो कुरकुर करेल, टाळाटाळ करेल, दुसऱ्याच आठवड्यात पोटात दुखेल. इथं मात्र तुम्ही हटू नका. तुमची सगळी कडक शिस्त मला या दोन दिवसांसाठी हवी आहे. पाऊस असो, सामना असो, पाहुणे असोत, क्लास चुकता कामा नये. बाकी ठिकाणी सैल सोडलंत की इथला आग्रह त्याला पटेल. सगळीकडेच ओरडलं की पोरांना कुठलं ओरडणं महत्त्वाचं ते कळत नाही.

वहिनींचं 'सोडा त्याला' मला निम्मं पटतं. वेळेच्या बाबतीत सोडा, आवाजाच्या बाबतीत सोडा, तालाच्या बाबतीत नका सोडू. 'ज्याचं त्याला कळेल' हे खरं असतं, पण काही गोष्टी कळेपर्यंत वय निघून जातं. वहिनींना हेही सांगा की पोराच्या पाठीशी त्या उभ्या राहिल्या म्हणून तो अजून पेटीला हात लावतोय, नाहीतर एव्हाना झाकली असती.

परीक्षा या सत्राला नको. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं घराण्यांच्या कोठडीतून बाहेर आणून चारचौघांसाठी वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा अशी चौकट घातली. त्याचे उपकार आपल्या सगळ्यांवर आहेत. माझ्यासारखीला त्याशिवाय गाणं दिसलंही नसतं. पण चौकट सगळ्यांसाठी एक असते आणि कंठ ज्याचा त्याचा वेगळ्या महिन्यात फुटतो. मध्यमा सहा महिन्यांनी दिली काय, वर्षानं दिली काय, प्रमाणपत्रावर आवाज कुठल्या वयात फुटला ते छापत नाहीत. पुढचं वर्ष दहावीचं आहे, तेव्हा गुरुजींशी आधी बोलून ठेवा. लेखीचा भाग, रागांची माहिती, ताललिपी, हे मात्र आत्तापासून चालू दे. त्याला गळा लागत नाही.

मोबाइल काढून घेऊ नका. त्यातूनच तो ऐकतोय. साडेदहाला मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, हा नियम घाला, आणि तो घरातल्या सगळ्यांना घाला, तुम्ही धरून. साडेदहापर्यंत पेटी वाजवू दे. शेजाऱ्यांची तक्रार आली तर भात्याला जरा आवर घालायला सांगा.

आणि एक व्यवहाराचं. पोरगं सध्या गात नाही म्हणून बरेच पालक या काळात क्लास बंद करतात, 'आवाज आला की बघू' म्हणतात, आणि मग ते बघणं राहून जातं. तसं करू नका. त्याला गुरुजींकडे नेहमीसारखा पाठवा. तंबोरा जुळवू दे, लहान मुलांना अलंकार सांगू दे, मोठ्यांच्या बंदिशी मागे बसून ऐकू दे, हातानं ठेका धरू दे. गुरुजींना सगळी परिस्थिती नीट सांगा, त्यांना ती तुमच्या आधी कळलेली दिसतेय. त्यांची फी मात्र महिन्याच्या महिन्याला पोचती करा.

— ताई